मासा, कमळ, चंद्र आणि एक मऊ खीळ

माणूस कुलूप विकत घ्यायला येतो तेव्हा सगळ्यात आधी काय करतो, सांगू? ते तळहातावर घेऊन तोलतो. जसं काही कुलूप नाही, खरबूज आहे. मग "जड आहे" असं म्हणून समाधानानं मान हलवतो. हैदराबादच्या कोठी भागातल्या माझ्या दुकानात बसून मी वर्षानुवर्षं हा सोहळा पाहिला. जड कुलपाचा खात्रीचा उपयोग एकच, चोराच्या पायावर पडलं तर त्याला लागतं.

आमचं घर नारायणगुड्यातलं. आजोबा निजामाच्या अदालतीत पेशकार, वडील वकील, दोन्ही काका मास्तर. आणि मी? मी कुलपं उघडणारा. माझ्यासाठी मुली बघायच्या दिवसांत आई फक्त "सरकारी नोकरीत आहे" एवढंच सांगायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पाहुण्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढायची. वडिलांचं म्हणणं असं, की पिढ्यान्‌पिढ्या आम्ही लोकांना तुरुंगात जाण्यापासून वाचवलं, आणि हा पोरगा तिथली विद्या शिकतोय.

नोकरी होती सरकारी भांडाराच्या कारखान्यात, कुलूप-तिजोरी तपासनिसाची. सरकार जे कुलूप विकत घेईल, ते खजिन्याचं असो की तालुक्याच्या गोदामाचं, आधी आमच्या टेबलावर यायचं. आम्ही ते उघडायचा, कापायचा, ठोकायचा प्रयत्न करायचा आणि मग लिहून द्यायचं, की हे बरं आहे किंवा हे भाजीवाल्याला द्या. हे शिकवलं मला उस्ताद खाजामियाँनी. साठीचे, दाढीला मेंदी, आणि हाताची बोटं इतकी हलकी की कुलपाच्या पोटात काय चाललंय ते वैद्यानं नाडी बघावी तसं सांगायचे. मी वकिलाचा मुलगा, म्हणून मला पहिल्या दिवसापासून 'वकीलसाब' म्हणायचे, आणि त्यात आदर किती हे मला कधीच विचारावं लागलं नाही.

त्यांचा पहिला धडा असा होता. "ताले कू नक्को देखो, वकीलसाब. दरवज्जे कू देखो. ताला बोले तो दुल्हा है, घोडे पे बैठा सो. घोडा गिर्या तो दुल्हा बी गिर्या."

या एका वाक्यावर मी पुढे आयुष्यभर पोट भरलं. अंबरपेठचे एक गृहस्थ होते, त्यांनी माझ्याकडून सात लिव्हरचं कुलूप नेलं. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पितळी पट्ट्या. किल्ली फिरली की सगळ्या नेमक्या उंचीवर उचलल्या गेल्या तरच कडी सुटते. पट्ट्या जितक्या जास्त, तितकी बनावट किल्ली करणं अवघड. गृहस्थ खूश. आठव्या दिवशी घर फुटलं. तणतणत आले, "तुमच्या सात लिव्हरचं काय झालं?" मी घरी जाऊन पाहिलं तर सातही लिव्हर जागच्या जागी, कुलूप बंद, चकचकीत. चोरानं फक्त कोयंड्याचे बाहेरून लावलेले चार स्क्रू काढले होते आणि कुलूप कोयंड्यासकट दाराशेजारी नीट ठेवून दिलं होतं. चोर सभ्य होता. मी म्हटलं, "कुलपाला अजून कुणी हात लावलेला नाही, परत लावा." ते गृहस्थ पुन्हा कधी दुकानात आले नाहीत.

फोनच्या डायलला लावायची चिमुकली कुलपं मी किती विकली असतील याला गणती नाही. सासवा न्यायच्या, म्हणजे सुनेनं माहेरी फोन करू नये. एकीला मी सांगितलं, की अहो, डायल फिरवता आली नाही तरी वरचं बटण ठराविक वेळा दाबून नंबर लागतो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "माहीत आहे मला. मी सून होते तेव्हा तसाच लावायची. पण लावलेलं दिसलं पाहिजे ना." त्या बाईंना कुलपाचं शास्त्र माझ्याहून जास्त कळत होतं.

असो. इतक्या वर्षांत हजारो कुलपांबद्दल मी लोकांना नको इतकं खरं सांगत आलो. खोटं बोललो ते एकाच कुलपाबद्दल, आणि नेमकं तेच लेखी.

भाषावार राज्यं झाली तेव्हाचे ते दिवस. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे एकीकडे, कानडी दुसरीकडे, तेलुगू तिसरीकडे. नकाशावर रेघ ओढायला काय लागतं? पण कचेऱ्यांत कागद होते, आणि कागदांना भाषा कळत नाही. नोकरांचं तर विचारूच नका. प्रत्येकानं लिहून द्यायचं, की मला अमुक राज्यात राहायचंय. त्या कागदाला विकल्पपत्र म्हणत. मग वर कुणीतरी ठरवायचं, की याला ठेवा, त्याला पाठवा. पिढ्यान्‌पिढ्या नारायणगुड्यात आणि कोठीत राहिलेली माणसं जेवताना विचारायची, "परभणीला पाणी कसं आहे हो?"

ही सगळी विकल्पपत्रं आणि नोकरीची कागदपत्रं एका जुन्या इमारतीतल्या दगडी खोलीत पेट्यांत भरून ठेवली होती. तिन्ही बाजूंचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. खोलीला कुलूप कुणाचं, यावरच महिना गेला. शेवटी वाटपाचं काम बघणारे आमचे माणिकरावसाहेब यांनी एका कारागिराकडून खास कुलूप करून घेतलं. मध्यम पपईएवढं, सगळं ओतीव पितळ, बोटाएवढी जाड पोलादी कडी, आणि किल्लीची भोकं तीन. तिन्ही किल्ल्या फिरल्या तरच उघडायचं. प्रत्येक बाजूच्या प्रतिनिधीकडे एक किल्ली.

भोकांना एक, दोन, तीन असे आकडे घातले तेव्हा पहिला नंबर कुणाचा यावर भांडण झालं. म्हणून आकडे घासून काढले आणि चित्रं कोरली: मासा, कमळ, चंद्र. मग मासा कुणी घ्यायचा यावर झालं. मराठी बाजूचे प्रतिनिधी नरहरपंत म्हणजे सोवळ्यातलं सोवळं. "मी माशात किल्ली घालणार नाही" असं त्यांनी फायलीवर लिहून दिलं आणि कमळ घेतलं. चंद्र तेलुगू बाजूनं आधीच उचलला होता. कानडी बाजूचे गृहस्थही शाकाहारीच, पण बैठकीला उशिरा आले, आणि त्यांच्या वाट्याला मासा आला.

हे कुलूप किती मजबूत आहे ते पाहून लेखी अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. खाजामियाँ तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणून मी एकटाच गेलो. दारावर यादगिरी नावाचा म्हातारा जमादार बसायचा. तोंडात दात नाहीत, म्हणून सुपारी कुटायला जवळ लोखंडी खलबत्ता. मी स्टुलावर बसलो आणि कुलूप त्याच्या मांडीवर ठेवून धरायला सांगितलं.

दार आधी पाहिलं. सागवानी, बिजागऱ्या आतून, कोयंडा दगडात ओतलेला. घोडा पक्का होता. मग दुल्ह्याकडे वळलो. पट्ट्या चोख, किल्ल्यांना खोल दाते, तार घालून पाहिली तर आत काही हलेना. कडीवर करवत चालवली तर करवतीचेच दात गेले. मी मनातल्या मनात कारागिराला सलाम ठोकला आणि, सवयीनं, कुलूप उलटं केलं.

कुलपाची कडी एका टोकाला उघडते आणि दुसऱ्या टोकाला अंगात अडकलेली असते. ती अडकवायला बुडाशी एक आडवी खीळ असते. साधी, करंगळीएवढी. या पठ्ठ्यानं अंग पितळेचं केलं, कडी पोलादाची केली, पट्ट्यांवर जीव ओवाळून टाकला, आणि खीळ घातली मऊ लोखंडाची, कारण मऊ खिळीचं डोकं ठोकून बसवायला सोपं जातं. वर पॉलिश मारून ती दिसेनाशी केलेली. मी यादगिरीच्या खलातला बत्ता मागितला, माझ्या हत्यारांतल्या एका खिळ्याचं टोक तिथे टेकवलं आणि ठोकलं. चार-पाच ठोक्यांत खीळ दुसऱ्या बाजूनं बाहेर आली आणि कडी माझ्या हातात. मासा बंद, कमळ बंद, चंद्र बंद, आणि दार उघडं.

"अय्यो," यादगिरी म्हणाला.

मी खीळ परत बसवली आणि उघड-उघड लिहिलं, की कुलूप नापसंत, खीळ बदलावी. अहवाल घेऊन माणिकरावसाहेबांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला.

"वसंतराव, गेल्या सहा महिन्यांत या तीन राज्यांचं एका तरी गोष्टीवर एकमत झालंय का?"

"नाही साहेब."

"झालंय. या कुलपावर. ते मी परत पाठवलं तर खीळ कुणी बदलायची यावर वर्ष जाईल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमचं विकल्पपत्र पाहिलं मी. हैदराबाद मागितलंय तुम्ही. आईंना नारायणगुडा सोडवत नसेल ना या वयात? बघू आपण. काळजी नक्को करा."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी तर माशाशी, कमळाशी आणि चंद्राशी, सगळ्यांशीच गोडी केली. तिथेच खुर्चीवर बसून नवा अहवाल लिहिला: 'कुलूप अत्यंत मजबूत असून तिन्ही किल्ल्यांशिवाय उघडणे अशक्य.' अक्षर मुद्दाम सुंदर काढलं. खोट्याला अक्षर सुंदर लागतं. घरी येताना आईसाठी नावाजलेल्या पुल्ला रेड्डीच्या दुकानातून नाही, आमच्या कोपऱ्यावरच्या हलवायाकडून पेढे आणले आणि कारण सांगितलं नाही.

पुढचा श्रावण उलटला, आणि सुभद्राबाई आल्या.

सुभद्राबाई मुलींच्या सरकारी शाळेत मराठी शिकवायच्या. चाळिशीच्या, काळी छत्री, कपाळावर आठी. राहायला अंबरपेठेत. यजमान अर्धांगवायूनं दोन वर्षं अंथरुणावर, औषध कोठीतल्या डॉक्टरांचं. त्यांना हुकूम आला, की मराठवाड्यातल्या एका तालुक्याला जाऊन हजर व्हा. बाईंचं म्हणणं, मी हैदराबाद मागितलं होतं, विकल्पपत्र स्वतःच्या हातानं नेऊन दिलंय. पोच दिली नव्हती, कारण शेवटच्या दिवशी रांग होती आणि कारकुनानं "ठेवा तिथे" म्हटलं. आणि पेट्यांतल्या कागदांची यादी झाली तेव्हा त्यात बाईंचा कागद नव्हता.

शनिवारी सुनावणी होती. माणिकरावसाहेब आणि तिन्ही प्रतिनिधी टेबलामागे, बाई समोर उभ्या. साहेबांनी शांतपणे समजावलं, "बाई, कागद आला असता तर त्या खोलीत असता. खोलीला असं कुलूप आहे, की तीन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. तीन किल्ल्या तीन माणसांकडे. मग कागद जाईल कुठे? म्हणजे तो आलाच नव्हता." आणि त्यांनी माझा अहवाल वाचून दाखवला. मला आत बोलावलेलंच होतं.

"हा तुमचाच ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरोबर आहे?"

"हो."

सोमवारी निकाल देऊ, असं सांगून उठले सगळे. बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. रागावल्या नव्हत्या. शाळेत एखाद्या पोरीला विचारावं तसं विचारलं, "खरं सांगा. ते कुलूप किल्लीशिवाय उघडतं का?"

"नाही उघडत, बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. मला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली. पण शिसारी येऊनही मी घरी जाऊन जेवलो, हे इथे नोंदवून ठेवतो.

रविवारी सकाळी दार वाजलं. नरहरपंत. सोवळं नेसून नव्हे, चक्क कोट घालून, आणि चेहरा असा, की मला वाटलं घरात कुणी गेलं. आईला नमस्कार करून मला जिन्याखाली घेऊन गेले.

"वसंता, एक किल्ली करून देशील? कुणाला कळता कामा नये."

"कुठली किल्ली, पंत?"

"कमळाची."

किल्ली ते जानव्याला बांधायचे. "माझ्या अंगावरून ही आता चितेवरच उतरेल" असं भर बैठकीत सांगितलेलं. मग श्रावणी आली. मठात शंभर ब्राह्मण, मंत्रांचा गजर. नवं जानवं घातलं, जुनं उतरवून सगळ्यांबरोबर तांब्याच्या घंगाळात टाकलं, आणि गुरुजींनी घंगाळ मठाच्या विहिरीत रितं केलं. पंतांना कळलं संध्याकाळी. पाठ खाजवायला जानवं ओढलं, तर ते हलकं लागलं.

मी हसलो. हसायला नको होतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. चिता नाही, विहीर तर विहीर. मग एकदम हसू थांबलं.

"पंत, श्रावणी होऊन तीन आठवडे झाले. खोली तर परवाही उघडली होती. यादी तेव्हाच झाली ना?"

"तेच तर," पंत कुजबुजले. "मी मुद्दाम उशिरा जातो. पोचतो तेव्हा दार उघडं असतं. रजिस्टरात 'तीन किल्ल्यांनी उघडले' लिहिलेलं असतं. मी बाहेरच सही करतो. मला वाटलं, कारागिरानं सरकारला चौथी किल्ली दिली असेल."

चौथी किल्ली. ती कुठली, ते साहेबांनी कागदावर वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलेले दोघेच. एक मी. दुसऱ्याच्या मांडीवर कुलूप होतं. मी दाखवलं, त्यानं पाहिलं, आणि मग मीच लिहून दिलं, की हे अशक्य आहे. म्हणजे त्या खोलीतून काहीही कुठेही जाऊ शकत होतं, आणि जाऊ शकत नव्हतं असा पुरावा माझ्या सुंदर अक्षरात फायलीला लागला होता.

मी खाजामियाँकडे गेलो. ते खाटेवर बसून बिस्किट चहात बुडवत होते. सगळं ऐकून घेतलं. बिस्किट चहात पडलं, ते चमच्यानं काढून खाल्लं, मग बोलले.

"ताला कबी झूट नै बोलता, वकीलसाब. कागज बोलता. उस बाई पे तुम्हारा कागजइच ताला हो गया ना? अब बोलो, उसकी चाबी किसके पास है?"

"उस्ताद, खरं बोललो तर मला हैदराबादेत ठेवणार नाहीत. आईला कसं सांगू?"

"हौ, नै रखते," ते म्हणाले. एवढंच. समजूत वगैरे काही घातली नाही. चहा मात्र मला दुसरा दिला.

सोमवारी मी साहेबांना म्हटलं, निकालाआधी सगळ्यांनी एकदा खोलीकडे चला. बाईंनाही बोलवा. दारासमोर सगळे उभे राहिले. यादगिरी ताडकन उठून सलाम करून उभा.

"साहेब, माझा अहवाल खोटा आहे," मी म्हणालो.

"वसंतराव, विचार करून बोला."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब. किल्ल्या काढायला सांगा."

कानडी बाजूच्या गृहस्थांनी खिसे चाचपले आणि सांगितलं, की किल्ली घरी राहिली. तेलुगू बाजूची टेबलाच्या खणात होती, खणाला कुलूप नव्हतं. दोघांनाही वाटायचं, की आपली नसली तरी बाकीच्या दोघांची लागली असणार. नरहरपंतांना असा खोकला आला, की बाईंनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

मी कुलूप उलटं केलं. खिळीचं डोकं वर्षभरापूर्वी मी पाहिलं तेव्हा पॉलिशखाली लपलेलं होतं. आता ते रोज वापरल्या जाणाऱ्या कडीसारखं लख्ख घासलेलं होतं.

"यादगिरी, बत्ता."

त्यानं बत्ता दिला. पाच ठोके लागायचीही गरज पडली नाही, दोनच पुरले. दार उघडलं.

आत गारवा होता. हैदराबादच्या उन्हात अशी गार जागा मिळणं म्हणजे नशीब. पेट्यांच्या मधोमध सतरंजी अंथरलेली, कोपऱ्यात पाण्याची सुरई, आणि भिंतीशी एक लाकडी बाक, त्यावर उशी. तिन्ही राज्यांच्या एकमतावर आमचा जमादार रोज दुपारी जेवण करून झोपत होता. बाकाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कागदांची जाड घडी.

बाई पुढे झाल्या. वाकल्या. पायाखालची घडी ओढून काढली, तसं बाक एका बाजूला कललं. चार-पाच कागद होते. त्यांनी एकेक उलगडला आणि तिसऱ्याशी थांबल्या.

"हे माझं अक्षर," त्या म्हणाल्या.

त्यांच्या संसाराचं सगळं ठरवणारा तो कागद घडी घालून बाकाच्या पायाखाली होता. पेटीबाहेर पडला असेल, यादगिरीला वाचता येत नव्हतं, आणि बाक डुगडुगत होतं. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

साहेब लालबुंद झाले. "यादगिरी! कुणी शिकवलं हे तुला?"

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "तपासनीस साबइच सिखाए, हुजूर. मैं समझा सरकारी तरीका यहीच है."



सुभद्राबाई हैदराबादेत राहिल्या. यादगिरीला काढून टाकायचं ठरलं होतं, पण त्याचं कारण लिहायचं तर रजिस्टरातल्या तिघांच्या सह्या खोट्या होत्या असंही लिहावं लागलं असतं. म्हणून तो राहिला, त्याच दारावर, फक्त बाक बाहेर आलं. मी त्या कुलपात पोलादी खीळ बसवली, स्वतः ठोकून. बैल गेला नि झोपा केला. आणि पंधरा दिवसांत मला हुकूम आला, मराठवाडा. साहेब निरोप देताना अगदी प्रेमानं म्हणाले, "तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसांची तिकडे फार गरज आहे."

आईला मी शेवटपर्यंत खरं कारण सांगितलं नाही. ती माझ्याबरोबर आली नाही, तिला खरंच नारायणगुडा सोडवला नाही. चार वर्षं मी तिकडे जिल्ह्याच्या गोदामांची कुलपं तपासली. मग राजीनामा देऊन परत आलो आणि कोठीत दुकान काढलं. आईला त्यानंतर दोनच वर्षं मिळाली. त्या मधल्या चार वर्षांचं मला अजूनही वाईट वाटतं, आणि ते कुणावर ढकलावं हे कळत नाही. पहिल्याच दिवशी खरा अहवाल मागे घेतला नसता, तर साहेबांनी तेव्हाच पाठवलं असतं कदाचित. किंवा नसतंही. खाजामियाँ दुकानात रोज येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांना कुलूप घेऊ नका म्हणून सांगायचे. धंदा तरीही चालला.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दुकानात सुभद्राबाई आल्या. केस पांढरे, छत्री मात्र काळीच. यजमान गेले होते. मुलीकडे महिनाभर जायचं होतं, म्हणून अंबरपेठच्या घराला कुलूप हवं होतं. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मी चार कुलपं मांडली. त्यांनी एकही तोललं नाही. एक मधलं उचललं, साधं, पाच लिव्हरचं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगा. हे किल्लीशिवाय उघडतं का?"

शब्द अगदी तेच. मी कुलूप घेतलं, उलटं केलं, बुडाशी बोट ठेवून खीळ कुठे आहे ते त्यांना दाखवलं. कोणत्या हत्यारानं, किती वेळात, तेही सांगितलं. कोयंड्याचे स्क्रू आतून आहेत का ते पाहा म्हटलं.

"उघडतं, बाई," मी म्हणालो. "मेहनत घेतली तर उघडतं."

त्यांनी पर्स उघडली.

"मग द्या हेच," त्या म्हणाल्या. "व्हरांड्यात एवढंच विचारलं होतं मी तुम्हाला."